वाळवंटात गेलेला नारळ

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. मी एका सज्जन माणसाचा अठरा वर्षं जपलेला नारळ जीपच्या चाकापुढे फोडला, त्याचे तुकडे केले, त्यात साखर घातली आणि प्रसाद म्हणून त्याच माणसाच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला. वर म्हणाले, "खोबरं जरा जुनं आहे बाई, पण गोड आहे."

तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. वय मुद्दाम सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, पोरवय होतं, झालं असेल. कसलं पोरवय! चष्मा लागलेली, मुलीचं लग्न करून मोकळी झालेली बाई मी. आणि डोकं नावाचा अवयव आमच्या ऑफिसात फक्त मलाच दिलेला आहे अशी माझी पक्की खात्री होती. आता नात मला फोनवर फोटो कसा मोठा करायचा ते चौथ्यांदा शिकवते, तेव्हा मला त्या बाईची फार आठवण येते.

आमचं ऑफिस नाशिकला, जमिनीखालचं पाणी शोधणारं. मी आवक-जावकला. म्हणजे बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा आणि रजिस्टरात चढवायचा. नंबर पडेपर्यंत तो कागद जन्मालाच आला नाही असं सरकार धरतं. हे मी नव्या साहेबांना पहिल्याच दिवशी ऐकवायची. बाकीचे साहेब हसायचे. हे साहेब मात्र हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "बरोबर आहे. पाण्याचंही तसंच असतं. लागेपर्यंत ते नसतंच."

मी मनात म्हटलं, हा आपल्या जातीचा वेडा दिसतोय.

साहेब भूगर्भशास्त्राचे. उंच, पण सतत जमिनीकडे बघून बघून पाठीत वाकलेले. शर्टाच्या दोन्ही खिशांत दगड. शिंपी म्हणे त्यांचे खिसे पँटच्या कापडाचे शिवायचा. नवा दगड दिसला की आधी तो पुसायचा, मग जिभेला लावायचा. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा चहाचा कप माझ्या हातून सुटला. "मुरूम आहे," ते मला सांगत होते, "काळा पाषाण असता तर जिभेला असा चिकटला नसता." मी म्हटलं, "साहेब, बिस्कीट घ्या."

आणि त्यांचं ते एक वाक्य. कुणी काहीही चांगली बातमी सांगितली की साहेब विचारणार, "किती फुटाला लागलं?" ड्रायव्हरचा मुलगा दहावी पास झाला, पेढा देताच, "वा! किती फुटाला लागलं?" तो बिचारा गोंधळून म्हणाला, "बासष्ट टक्क्याला, साहेब." माझ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हाही तेच विचारलं. त्या वेळी मी रागावले. आज वाटतं, प्रश्न चुकीचा नव्हता. पाच वर्षं स्थळं बघत होतो आम्ही. चांगलं खोल गेलो होतो.

पण ही सगळी वरची माती. खरा पाषाण पुढे आहे.

साहेब सोमवार ते शनिवार सरकारी यंत्र घेऊन हिंडायचे. जमिनीत खुंट्या ठोकायच्या, तारा जोडायच्या, पेटीवरचे आकडे लिहायचे. आणि रविवारी, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या जीपनं, गावोगाव नारळ घेऊन. ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ उघड्या तळहातावर आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडे, आणि अनवाणी पायांनी रानातून सावकाश चालायचं. जिथे खाली पाणी असेल तिथे नारळ हातावर आपोआप उभा राहतो म्हणतात.

"आपोआप राहतो, का तुम्ही करता?" मी एकदा सरळच विचारलं.

"तेच तर अठरा वर्षं बघतोय," साहेब म्हणाले.

बिचाऱ्यांची दोन्हीकडून पंचाईत होती. ऑफिसात नारळाचं नाव काढायची चोरी, आणि गावात पेटीचं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करायचे. आणि त्यांना स्वतःला सगळ्यात मोठी शंका नारळाचीच. म्हणायचे, "पिंपळगावकडे द्राक्षाच्या बागेत नारळ उभा राहिला, त्यात नारळाचं कर्तृत्व काय बाई? तिथे मी टोपी ठेवली तरी उभी राहील. जिथे पाणी नाहीच, तिथे तो गप्प पडून राहतो का? ते बघायला पाहिजे."

"मग बघा की."

"त्यासाठी वाळवंटात जावं लागेल. एकट्यानं."

"एकट्यानं कशाला?"

"दुसरा माणूस बरोबर असला की त्याच्या मनात येतं, आता उभा राहील, आता राहील. ते नारळाला कळतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. थट्टा नव्हती. हा माणूस विज्ञानाची पदवी घेतलेला होता हे पुन्हा एकदा सांगून ठेवते.

ही गोष्ट अशीच बोलण्यात विरून गेली असती, पण पेठच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरून तीन बायका ऑफिसात आल्या. डोंगरातली माणसं साहेबालाही 'तू' म्हणतात, आणि त्यात उणं काही नसतं. त्यांच्यातली वयानं मोठी होती ती माझ्या टेबलाला टेकून उभी राहिली आणि आत बघून म्हणाली, "साहेब, तुझी पेटी दोन जागा दाखवं. आमचे हात येकच विहीर खणतील. नारळ आण. तो येकच दाखवंल."

त्यात सगळं आलं. यंत्रानं दोन जागा सारख्याच दाखवल्या होत्या, एक वरच्या माळावर, एक खाली ओहोळाकडे. भात झोडून झालं की अर्धा पाडा द्राक्षाच्या कामाला खाली उतरणार होता. त्याआधीच्या दिवसांत सगळ्यांनी मिळून एक विहीर खणायची. चुकीच्या जागी खणली तर पुढचा उन्हाळाही बायकांच्या डोक्यावरच.

साहेब बराच वेळ खिशातले दगड वाजवत बसले. मग म्हणाले, "आजी, दिवाळी झाली की मी नारळाची परीक्षा घेऊन येतो. पास झाला तर जागा दाखवीन. नापास झाला तर मी नारळ हातात धरणार नाही, तुमच्याच काय, कुणाच्याच रानात."

"लवकर ये मग," म्हातारी म्हणाली. "भात तुझ्यासाठी थांबायचं नाय."

आता माझा पराक्रम. तो दिवाळीच्या आधी, खंडेनवमीला घडला. आमच्याकडे त्या दिवशी यंत्राला झेंडू, जीपला झेंडू, माझ्या शिक्क्यालासुद्धा हळदकुंकू. पूजेची सूत्रं अर्थातच माझ्याकडे. ऐन आरतीच्या वेळी शिपायानं आणलेला नारळ हातात घेतला तर तडकलेला, आंबूस वास येणारा. साहेब मीटिंगला गेलेले. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, बाजारातून आणतो." मी म्हटलं, "मुहूर्त टळेल." कसला मुहूर्त कोण जाणे, पंचांग मी बघितलंच नव्हतं. तरातरा साहेबांच्या खोलीत गेले, टेबलाचा खालचा खण उघडला, आणि आत एक छान शेंडीवाला नारळ. त्याला तान्ह्या बाळाची लोकरीची कुंची घातलेली.

दुसऱ्या कुठल्याही बाईनं थांबून विचार केला असता, की नारळाला कुंची का? मी थांबले नाही. कुंची काढली, घडी घालून खणात ठेवली (व्यवस्थितपणा बघा) आणि बाहेर येऊन जीपपुढे नारळ आपटला.

पाण्याचा थेंब निघाला नाही. आत सुकून सुटलेला गोटा. ड्रायव्हरचा चेहरा पडला, कोरड्या नारळावर जीप कशी चालवायची? मी ताबडतोब एक शास्त्र तयार केलं. "गोटा निघणं फार शुभ असतं," म्हटलं, "आमच्या माहेरी गोटा निघाला की पेढे वाटतात." आमच्या माहेरी असलं काहीही करत नाहीत.

दुपारी साहेब आले, प्रसाद खाल्ला, गोड आहे म्हणाले ते मी वर सांगितलंच. मग हात पुसत म्हणाले, "बाई, तुमच्याकडे माझ्या टेबलाची किल्ली असते. कधीही काहीही घेत जा. फक्त खालच्या खणातल्या नारळाला तेवढा हात लावू नका. पहिली विहीर दाखवली तेव्हापासून तोच आहे. माझ्या मुलीची कुंची घातलीय त्याला, थंडीनं तडकू नये म्हणून."

मी म्हटलं, "छे, मी कशाला हात लावू!"

त्या संध्याकाळी मी रविवार कारंजावर, बाजारात होते. एकेक नारळ कानाशी नेऊन हलवत होते. दुकानदार थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "मावशी, अख्खं नाशिक पाणी ऐकून नारळ घेतं. तुम्ही काय ऐकताय?"

"खडखड," मी म्हटलं. "आतून सुकलेला पाहिजे."

"खराबच पाहिजे?"

"चांगला खराब पाहिजे."

त्यानं गोणीच्या तळातून एक काढून दिला आणि बाजूच्या गिऱ्हाइकाला डोळ्यानं खूण केली, ती मी बघितली. घरी आणून त्याला चहाच्या पाण्यानं पुसलं, खोबरेल चोळलं, थोडं काजळ लावलं. आमचे हे पेपर खाली करून म्हणाले, "नारळाला कुणी बघायला येणार आहे का?" दसऱ्याची सुट्टी संपल्यावर सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले आणि नवा नारळ कुंची घालून खणात झोपवला.

साहेबांना कळलं नाही. म्हणजे ते पाणीवाले, मी आवक-जावकवाली, आणि मी जिंकले. असं त्या वेळी वाटलं.

दिवाळी झाल्यावर साहेबांनी तीन आठवड्यांची रजा टाकली आणि निघाले. जीप त्यांची स्वतःची, फौजेतून बाद झालेली, दारं नसलेली. मोबाइल घरी ठेवला. कारण? "कुणीतरी फोन करून विचारणार, काय झालं? नारळ बिचकेल." पाण्याचे चार कॅन घेतले, आणि तेवढ्यावरून नवी काळजी. गाडीत पाणी आहे म्हटल्यावर नारळाला मोह होणार, म्हणून दर वेळी जीपपासून दोनशे पावलं लांब जाऊन चालायचं ठरलं. साहेबांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, दशम्या दिल्या. मी शेंगदाण्याच्या चटणीचा एवढा मोठा डबा दिला की वहिनींनी माझ्याकडे संशयानं बघितलं. अपराधी माणूस फार चटणी देतो.

पेठच्या रस्त्यानंच गेले, खाली गुजरातेत उतरून मग वर राजस्थान. त्या पाड्याच्या फाट्यावर म्हातारी उभी होती म्हणे. तिनं जीप थांबवून नारळ हातात घेऊन बघितला, कानाशी हलवला आणि परत दिला. हे साहेबांनी मला पहिल्या पोस्टकार्डात कळवलं.

हो, पोस्टकार्डं. रोजची नोंद ते कार्डावर लिहायचे आणि पोस्ट दिसेल तिथे टाकायचे. पत्ता ऑफिसचा, वर 'आवक-जावक'. मी प्रत्येक कार्डावर शिक्का मारून नंबर घातला. अख्खं ऑफिस माझ्या टेबलाभोवती जमायचं, आणि मी मोठ्यानं वाचायची.

"पालनपूर सोडलं. झाडं मागे राहिली. दशम्या टिकल्या, चटणीत वाळू. नारळ: आडवा."

"बाडमेरच्या पुढे. इंजिन तापलं, त्याला माझं प्यायचं पाणी द्यावं लागलं. दुपारभर आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. नारळ: आडवा."

"एका वस्तीवर विहीर बघितली. दोर उंट ओढतो. उंट इतका लांब गेला की वाटलं तो दुसऱ्या गावाला निघाला. किती फुटाला लागलं म्हणून विचारलं. आकडा ऐकून खाली बसलो. तिथल्या बाईनं लोटीभर पाणी दिलं आणि मी पीत असताना लोटीकडे बघत राहिली. अर्धी परत केली. विहिरीपासून लांब नेला तेव्हा नारळ: आडवा."

"चाकं वाळूत रुतली. सकाळपासून जेवायच्या ताटानं उकरतोय. वारा तेवढीच वाळू परत आणून टाकतो, त्याला रजा नाही. मागे बघितलं तर माझ्या चाकांची खूण नाही. मी आलो हे कुणाला पटवणार? नारळ: आडवा."

सगळे टाळ्या वाजवायचे. ड्रायव्हर म्हणायचा, "पास! साहेबांचा नारळ पास!" आणि मी टाळ्या वाजवता वाजवता मनात म्हणायची, रविवार कारंजावरचा खराब नारळ आडवा राहणार नाही तर काय करणार? त्याला कळतंय काय? म्हणजे हा माणूस ताटानं वाळवंट उकरतोय, अर्धं पाणी परत देतोय, आणि परीक्षेला बसलाय भलताच विद्यार्थी. उद्या हे येणार, त्या नारळावर विश्वास ठेवून पाड्यावर जाणार, आणि तो दाखवील तिथे माणसं कुदळ मारणार.

साहेब परत आले ते काळे ठिक्कर पडून, ओठ फुटलेले, कानात वाळू. ऑफिसात पाऊल टाकताच सगळ्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, "सगळीकडे आडवा." रविवारी पाड्यावर जायचं ठरलं. निरोपही गेला.

मी ठरवलं, आज सांगते. मग ठरवलं, उद्या सांगते. तेवढ्यात एक गंमत लक्षात आली. साहेब सारखे माझ्या टेबलाशी यायला लागले. "टपाल आलं का?" मंगळवारी तीनदा. बुधवारी चारदा. "काही महत्त्वाचं येणार आहे का साहेब?" "नाही, नाही. सहज." आणि माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे असे बघायचे जसं त्यात साप असावा.

शुक्रवारी कार्ड आलं. मागून निघालेला माणूस आधी पोचला होता आणि कार्ड रमतगमत येत होतं. साहेब तेव्हा खोलीत होते. मी वाचलं.

"बाई, आज उभा राहिला. चारी बाजूंनी नुसती वाळू. एक म्हातारी बकऱ्या घेऊन चालली होती, तिला विचारलं, इथे खाली पाणी आहे का? ती हसायला लागली. म्हणाली, असतं तर मी रोज चार कोस कशाला जाते. मी पुन्हा चाललो. पुन्हा उभा. तीन वेळा. हे कार्ड टाकावं की नाही कळत नाही."

टाकलं होतं. आणि टाकल्यावर सगळ्यांना सांगितलं, सगळीकडे आडवा.

माझ्या हातात शिक्का होता. नोकरीत पहिल्यांदा मी आलेल्या टपालावर तो मारला नाही. आणि मग, खरं सांगते, मला आनंद झाला. एक्कावन्न वर्षांच्या त्या शहाण्या बाईला वाटलं, वा! माझं पाप कामाला आलं! खोटं बोलला तो माझा नारळ. साहेबांचा नारळ कधी खोटं बोललाच नाही. एवढं सांगितलं की साहेबांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल आणि माझ्याही. एका दगडात दोन पक्षी, दगड तर साहेबांच्याच खिशातला.

कार्ड घेऊन मी आत गेले, दार लोटलं, कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. साहेबांनी ते बघितलं. त्यांचे कान लाल झाले. मला त्या माणसाचे लाल कान बघवले नाहीत, म्हणून मी एका दमात सगळं ओतलं.

"साहेब, तो तुमचा नव्हता. तुमचा मी खंडेनवमीला जीपपुढे फोडला. तुम्ही खाल्लात तो प्रसाद तोच होता. हा मी रविवार कारंजावरून आणला, चहानं पुसला, काजळ लावलं. वाळवंटात उभा राहिला तो हा खोटारडा. तुमचा असता तर आडवाच राहिला असता. तुमच्यावर काही येत नाही. दुसरा चांगला नारळ घ्या आणि बेलाशक जा रविवारी."

साहेबांनी खालचा खण उघडला. कुंचीतला नारळ काढला, कानाशी नेऊन हलवला, जिभेला लावून बघितला. काजळ लागलं असणार, ओठ काळा झाला. मला हसू आलं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे नाही, स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले,

"नारळ तुमचा होता बाई, पण हात तर माझाच होता ना? रविवारी पाड्यावर जाऊन सांगायचं, जागा दोन आहेत आणि कुठली खरी ते साहेबाला माहीत नाही. तुम्ही बरोबर चला, मला एकट्याला ते म्हणता यायचं नाही."